जोनच्या ज्वाळांना रंग होता

जोन ऑफ आर्कवरचा मूकपट म्हटलं की कार्ल ड्रायरचा १९२८ चा चित्रपट आठवतो, आणि तोच पहिला असं अनेकजण धरून चालतात. तसं नाही. जॉर्ज मेलिएसने १९०० सालीच जोनला पडद्यावर आणलं होतं. सेसिल बी. डेमिलचा भव्य ‘जोन द वूमन’ही ड्रायरच्या आधीचा, तो २५ डिसेंबर १९१६ ला न्यूयॉर्कमध्ये झळकला. जोन झाली होती ऑपेरा गाजवणारी जेराल्डिन फरार. वय ३४, भूमिका विशीही न गाठलेल्या मुलीची.

मूकपट म्हणजे कृष्णधवल, हा समज तर फारच पक्का. या चित्रपटात चितेच्या ज्वाळा रंगीत आहेत! मॅक्स हँडशीगल आणि छायालेखक अल्विन वायकॉफ यांनी त्यासाठी खास पद्धत बसवली. रंगवायचा तेवढाच भाग वेगळ्या फिल्मवर साच्यासारखा तयार करायचा आणि त्यावरून रंग प्रतीवर उतरवायचा, शिळाछापात दगडावरून कागदावर उतरवतात तसा. राखाडी चौकात ती आग पेटते तेव्हा आजही अंगावर काटा येतो.

मात्र पडद्यावर दिसतं तो सगळा इतिहास नव्हे. एरिक ट्रेंट हा इंग्रज सैनिक आणि त्याचं जोनवरचं प्रेम साफ काल्पनिक आहे. कथेची चौकट पहिल्या महायुद्धातल्या खंदकात आहे, कारण १९१६ च्या प्रेक्षकांना फ्रान्समधली लढाई रोज वर्तमानपत्रात दिसत होती. अमेरिका स्वतः युद्धात उतरली १९१७ च्या एप्रिलमध्ये.

‘इंग्रजांनी तिला चेटकीण म्हणून जाळलं’ हे वाक्य आपण सहज बोलून जातो. तिला कोंपिएन्यजवळ पकडलं बर्गंडीच्या सैन्याने आणि पैसे घेऊन इंग्रजांच्या हवाली केलं. खटला चालवला तो मुख्यतः फ्रेंच धर्मपंडितांनी, बिशप पिएर कोशोंच्या अध्यक्षतेखाली. चेटकाचे आरोप सुरुवातीला होते, पण शेवटचा निकाल वेगळा होता: पाखंड सोडल्याचं कबूल करून पुन्हा त्याकडे वळलेली. कारण? तुरुंगात तिने परत पुरुषी कपडे घातले आणि आपल्याला ऐकू येणारे आवाज खरे असल्याचं पुन्हा सांगितलं. ३० मे १४३१ ला रूआँच्या बाजारचौकात तिला जाळलं. चित्रपट आला तेव्हाही ती संत नव्हती. ते पद १९२० साली मिळालं.

चित्रपट ज्वाळांसाठी जरूर पाहा. जोनला ओळखायचं असेल, तर तिचा निकाल रद्द करणाऱ्या १४५६ च्या फेरखटल्यातल्या साक्षी वाचा. तिच्या गावची माणसं तिथे बोलली आहेत.