होस्टाला हवी थंडी, कॅलेडियमला हवा विसावा

चैत्र लागला की न्यू जर्सीत राहणाऱ्या आमच्या कन्येचा व्हिडिओ कॉल हमखास येतो. अंगणाच्या सावलीतल्या कोपऱ्यावर ती कॅमेरा रोखते आणि म्हणते, "पप्पा, पाहिलेत? कोंब वर आले." दोन महिन्यांपूर्वी बर्फाखाली गेलेल्या त्या मातीतून जांभळट टोकांचे, घट्ट गुंडाळलेले कोंब डोकावत असतात. तीन-चार आठवड्यांत त्यांची ताटाएवढी पाने उलगडतात. काही निळसर हिरवी, काही पिवळ्या काठाची. हाच होस्टा.

होस्टा हे शतावरीच्या कुळातील झाड. मूळ चीन, जपान आणि कोरियाचे. नाव मात्र होस्ट या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञावरून पडलेले. फुलांपेक्षा पानांसाठी लावले जाणारे हे झाड सावलीत उत्तम वाढते. त्यामुळे उन्हाची चणचण असलेल्या आमच्या मनवेलपाड्यातील गॅलरीसाठी ते मला अगदी योग्य वाटले. निवृत्तीनंतरच्या उत्साहात, कोणताही अभ्यास न करता, इंटरनेटवरून मी तीन गड्डे मागवले. आयुष्यभर कर्जाच्या अर्जांची छाननी करणाऱ्याने स्वतःच्या खरेदीची छाननी केली नाही!

पहिल्या वर्षी पाने आली. सोसायटीतील मंडळी कौतुकाने पाहून गेली. दुसऱ्या वर्षी पाने लहान आणि विरळ झाली. तिसऱ्या वर्षी कुंडीत केवळ माती उरली. दोष पाण्याचा नव्हता, खताचाही नव्हता. होस्टाला दरवर्षी किमान सहा आठवडे चार-पाच अंशांच्या आसपासची थंडी लागते. त्या काळात तो झोपतो आणि त्या झोपेतूनच पुढच्या पानांचे बळ घेतो. विरारमध्ये जानेवारीची पहाटही सहसा पंधरा अंशांच्या आसपास असते. झोपच न मिळालेले झाड जुन्या साठ्यावर दोन वर्षे जगते आणि मग संपते. मुद्दलातूनच खर्च चालवणाऱ्या पेढीचे जे होते, तेच त्याचे झाले. गड्डे काही आठवडे फ्रीजमध्ये ठेवण्याचा उपाय कुणीतरी सुचवला. परंतु आमच्या घरच्या फ्रीजमध्ये जमिनीखालचा गड्डा शिरणे शक्यच नव्हते. सौभाग्यवतींच्या एका दृष्टिक्षेपातच तो प्रस्ताव नामंजूर झाला.

परदेशातील आप्तांसाठी

आपल्यापैकी अनेकांची मुले-सुना थंड प्रदेशात आहेत. त्यांच्या अंगणात होस्टा असेल, तर वसंतातील कामे थोडकीच, पण वेळेवर करावयाची असतात.

पहिले काम सफाईचे. गेल्या वर्षीची सडकी पाने कोंब निघण्यापूर्वीच हलक्या हाताने उचलावीत. बिनशंखाच्या गोगलगायी त्यांच्याच आडोशाने राहतात. शक्य असल्यास हे काम शरद ऋतूतच, पाने पिवळी पडताच उरकावे. म्हणजे आसरा देऊन नंतर हुसकावण्याची वेळ येत नाही.

दुसरे काम विभाजनाचे. झाड फार दाट झाले असेल, तर कोंब बोटभर उंच असतानाच गड्डा उकरून, प्रत्येक भागाला दोन-तीन कोंब आणि पुरेशी मुळे ठेवून, वेगळा लावावा. पाने उलगडल्यावर हे केल्यास ती फाटतात. पानांवर शिरांच्या कडेने शाई पसरल्यासारखे डाग दिसले, तर तो विषाणूचा रोग असू शकतो. त्यावर औषध नाही. असे झाड मुळासकट काढून टाकावे आणि चाकू स्वच्छ केल्याविना दुसऱ्या झाडाला लावू नये.

तिसरे, कुजलेले खत कोंबांभोवती पसरावे, कोंबांवर नव्हे. रात्री अवचित दहिवर गोठण्याचा संभव असेल, तर जुनी चादर पांघरावी. घरात कुत्रा-मांजर असल्यास पाने त्यांच्या तोंडी लागू देऊ नयेत. ती त्यांना बाधतात.

आपल्या गॅलरीचा होस्टा

मग विरारच्या सावलीत काय लावावे? माझे उत्तर आहे कॅलेडियम. हे अळूच्या कुळातील, मूळ दक्षिण अमेरिकेचे. हृदयाच्या आकाराची, गुलाबी, पांढरी, लाल शिरांची पाने. यालाही विसावा लागतो. मात्र बर्फाचा नव्हे, कोरडेपणाचा. दिवाळीनंतर पाने पिवळी पडू लागतात. नवखा माळी घाबरून अधिक पाणी घालतो आणि कंद कुजवतो. खरे तर तेव्हा पाणी हळूहळू बंद करावे, कुंडी कोरड्या कोपऱ्यात सरकवावी आणि विसरून जावे. मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडू नये, हे मी ग्राहकांना जन्मभर सांगत आलो. कुंडीपाशी मात्र ते उशिरा उमगले.

होळी ते गुढीपाडवा हा त्याला जागे करण्याचा काळ. जुनी माती अलगद सैल करून कंद तपासावा. मऊ पडलेला भाग कापून, जखमेला लाकडाची राख लावून एक दिवस सुकू द्यावा. माती, कोकोपीट आणि शेणखत सम प्रमाणात घेऊन मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. बाजारातील तयार मिश्रणाच्या पिशवीवरील मजकूर जरूर वाचावा. पुष्कळदा त्यात हाडांचा चुरा असतो. डोळा वर ठेवून कंद दोन इंच खोल लावावा. कोंब दिसेपर्यंत माती केवळ ओलसर असावी. पाने आल्यावर पाणी वाढवावे. सकाळचे कोवळे ऊन चालते, दुपारचे पाने करपवते. नत्रयुक्त खत भरमसाट दिल्यास रंग उतरून पाने हिरवी होतात. आणि लहान मुलांना आवर्जून सांगावे, की हे अळू खाण्याचे नाही. पान चावल्यास तोंडाची भयंकर आग होते.

पावसाळ्यात मोठ्या शंखाच्या गोगलगायी जमिनीवरच्या कुंड्यांत शिरतात. त्यांच्यावर मीठ टाकणे हा क्रूर उपाय आहे. त्यापेक्षा कुंड्या स्टँडवर ठेवाव्यात, भिंतीला टेकवू नयेत, खालची ताटली कोरडी ठेवावी आणि पाणी संध्याकाळऐवजी सकाळी घालावे. ओलावा आणि आडोसा नसेल, तर त्या सहसा फिरकत नाहीत. जीव घेण्याचा प्रश्न उद्भवू न देणे, हीच बागेतील खरी जयणा.

अखेरीस एक सूचना. परदेशातून येताना प्रेमापोटी एखादा गड्डा बॅगेत घालून आणण्याचा मोह अनेकांना होतो. आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला नसताना झाडे वा कंद भारतात आणणे नियमबाह्य आहे. नियम नसता, तरी ज्या झाडाला इथे झोप लागणार नाही, त्याला इथे आणणे हा त्याच्यावर अन्यायच.

यंदाच्या चैत्रात कन्येचा कॉल आला, तेव्हा मीही फोन गॅलरीकडे वळवला. कुंडीत कॅलेडियमचे पहिले गुलाबी पान उलगडत होते. "पप्पा, तुमचेही कोंब आले!" ती म्हणाली. दोन घरांत दोन झाडे आपापला विसावा घेऊन जागी झाली होती.