विजयनगरची धावपट्टी आणि उजळाईवाडीचा विमानतळ

पाटणहून कोल्हापूरच्या विमानतळाला निघालं की वाटेत आणखी एक विमानतळ लागतो. कराड तीन-चार किलोमीटरवर असताना, विजयनगरला. एसटीतून जाताना माझी मान आजही आपोआप तिकडे वळते. कोयना प्रकल्पाच्या कामासाठी सार्वजनिक बांधकाम खात्याने १९५५च्या सुमारास बांधलेली ही धावपट्टी, लांबी सुमारे १,२८० मीटर. कोल्हापूरचा उजळाईवाडीचा विमानतळ त्याहून जुना, संस्थानकाळातला, १९३९चा. २०१८मध्ये तिथून नियमित सेवा पुन्हा सुरू झाली आणि मार्च २०२४मध्ये नवी इमारत आली.

या दोन धावपट्ट्यांमधलं अंतर काढणं हा माझा जुना छंद. त्याला नकाशा आणि पट्टीही लागत नाही. कराडची धावपट्टी १७ अंश १७ मिनिटे उत्तर अक्षांशावर, उजळाईवाडी १६ अंश ४० मिनिटांवर. फरक ३७ मिनिटांचा. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर. कोल्हापूर थोडं पूर्वेला सरकलेलं आहे, पण त्याने जेमतेम एका मैलाची भर पडते. सरळ रेषेत साधारण ७० किलोमीटर झाले. शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकातलं अक्षांशांचं जाळं असं आपल्याच मुलखावर पसरलेलं दिसलं की मला अजूनही हरखून जायला होतं.

आता वेळ. ताशी २०० किलोमीटरने जाणाऱ्या चार आसनी सेसनाला हे अंतर एकवीस मिनिटांचं. प्रत्यक्षात अर्धा तास धरावा. कारण दोन्ही धावपट्ट्या साधारण पूर्व-पश्चिम आहेत आणि प्रवास मात्र उत्तर-दक्षिण. विमान वाऱ्याला तोंड देऊन उडतं आणि तसंच उतरतं, म्हणून दोन्ही टोकांना वळसा आलाच. ताशी ५०० किलोमीटरने जाणाऱ्या एटीआर प्रवासी विमानाचा तर बहुतेक वेळ चढण्या-उतरण्यातच जाईल. शिवाय भरलेल्या एटीआरला कराडची पट्टी अपुरी आहे. समुद्रसपाटीपासूनची उंची आणि एप्रिल-मेची तापलेली विरळ हवा यांमुळे विमानाला जास्त धावावं लागतं. कोल्हापूरची पट्टी १,३७० मीटरवरून १,९३० मीटर केली, ती याच गरजेपोटी.

सडकेने हेच अंतर ७५-८० किलोमीटर. विमानाला ज्या कोयना, वारणा, पंचगंगा ओलांडाव्या लागतात, त्या गाडीलाही पुलांवरून ओलांडाव्या लागतात. रस्ता मोकळा असेल तर दीड तास. पण महामार्गाचं सहापदरीकरण आणि मलकापूरजवळच्या उड्डाणपुलाचं काम यांनी त्या दीड तासाचा भरवसा घालवला.

कराडच्या धावपट्टीच्या विस्ताराचा प्रस्ताव वर्षानुवर्षं चर्चेत आहे, आणि वारुंजी-केसे-मुंढे भागातल्या शेतकऱ्यांचा त्याला विरोधही तितकाच जुना. मी त्यांच्या बाजूचा आहे. सत्तर किलोमीटरवर प्रवासी विमानतळ असताना बारमाही पाण्याची बागायत जमीन धावपट्टीखाली घालू नये. आहे ती पट्टी वैमानिक प्रशिक्षणासाठी, रुग्णवाहक विमानांसाठी, कोयनेच्या खोऱ्यावर संकट आलं तर मदतीसाठी उत्तम राखावी. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा भूकंप अनुभवलेल्या पाटण तालुक्याला तिचं मोल सांगायला नको.

आणि विस्ताराचा पैसा उजळाईवाडीच्या वाटेवर घालावा. पाटणजवळच्या मोरगिरीच्या माणसाला सकाळचं विमान गाठायचं असेल तर आज आदल्या रात्रीच कोल्हापुरात मुक्कामाला जावं लागतं. विमानाच्या वेळा धरून पाटणहून थेट उजळाईवाडीपर्यंत जाणारी एक एसटी सुरू केली, तरी तो मुक्काम टळेल.