मागे कुणी नाही, म्हणूनच मृत्युपत्र

घटस्फोट झालेल्या आणि मूलबाळ नसलेल्या माणसापुढे मृत्युपत्राचा विषय काढला की उत्तर ठरलेलं असतं: ‘मागे आहे कोण, कुणासाठी लिहू?’ कायद्याला हा प्रश्न पडत नाही. त्याच्याकडे वारसांची लांबलचक यादी तयार असते. मुलंबाळं असलेल्याने मृत्युपत्र केलं नाही, तरी मालमत्ता बहुधा त्याच्या मनातल्या माणसांकडेच जाते. एकट्या माणसाचं तसं नाही. म्हणून मृत्युपत्राची जास्त निकड त्यालाच आहे.

हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ काय सांगतो ते पाहा. असा पुरुष मृत्युपत्राविना गेला आणि आई हयात असेल, तर सगळं आईला मिळतं. ती नसेल तर वडिलांना, तेही नसतील तर भावाबहिणींना. आजारपणात उशाशी बसलेली बहीण आणि वर्षानुवर्षं तोंड न दाखवलेला भाऊ, दोघांचा वाटा सारखा. लग्नाविना सोबत राहिलेली जोडीदार किंवा मानलेली भाची यादीत नाहीच. बाईच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो. कलम १५ नुसार तिच्या स्वकमाईवर पहिला हक्क मुलांचा आणि नवऱ्याचा, मग नवऱ्याच्या वारसांचा. आईवडिलांचा नंबर त्यानंतर. घटस्फोटाचा हुकूमनामा झाला असेल तर तो माणूस नवरा उरत नाही. पण दावा कोर्टात रेंगाळत असतानाच ती गेली, तर तिने हप्ते भरून घेतलेला फ्लॅट त्याच नवऱ्याकडे जाऊ शकतो. लग्नानंतर काही महिन्यांतच विधवा झालेल्या आणि सासरने हाकललेल्या एका बाईला माहेरने शिकवलं, ती नोकरीला लागली. तिच्या पश्चात तिची ती कमाई नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना मिळाली. सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा हा निकाल आहे. केवळ सहानुभूतीवर निर्णय देता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. मला तो निकाल क्रूर वाटतो, पण दोष कलमाचा आहे. आणि त्या कलमाला बगल द्यायला दोन साक्षीदारांचा एक कागद पुरला असता. तो करायला हुकूमनाम्याची वाट पाहावी लागत नाही.

उलट बाजूही आहे. संसार सुरळीत असताना जोडीदाराच्या नावे केलेलं मृत्युपत्र घटस्फोटाने आपोआप रद्द होत नाही. इंग्लंडच्या कायद्यात घटस्फोटानंतर त्या जोडीदाराला दिलेली देणगी आपोआप निष्फळ ठरते, आपल्याकडे तशी सोय नाही; नवं करून जुनं स्पष्ट शब्दांत रद्द करावं लागतं. ‘सगळीकडे नॉमिनी लावलाय’ हा युक्तिवादही अपुरा. नॉमिनी म्हणजे सहसा पैसे ताब्यात घेणारा, मालक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने विम्याबाबत १९८३ मध्ये आणि शेअर्सबाबत २०२३ मध्ये सांगितलं. विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीने आईवडील, जोडीदार आणि मुलं नॉमिनी असतील तर पैसे त्यांचेच होतात. तेव्हा जुन्या पॉलिसीवर अजून कुणाचं नाव आहे, ते एकदा उघडून बघावं. अनेकांना दचकायला होईल.

‘मृत्युपत्र केलं की नातेवाईक कोर्टात जातात’ हा आक्षेप खोटा नाही. पण मृत्युपत्र नसतानाही ते जातातच. फरक इतकाच की तेव्हा तुमची बाजू मांडणारा कागद नसतो. साधा कागद चालतो, मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी ऐच्छिक; तरी ती करावी, सहीबद्दल शंका घेणं अवघड होतं. दोन साक्षीदार आपल्याहून तरुण असावेत, कारण पुढे निदान एकाला न्यायालयात साक्ष द्यावी लागू शकते, आणि दोघांनाही त्यातलं काही मिळणार नसावं. मात्र सगळ्यांनाच सगळं हवं त्याला देता येत नाही: मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीविना मृत्युपत्राने एक तृतीयांशापुढे देता येत नाही. गोव्यातही आईवडील हयात असतील तर ठरावीक हिस्सा त्यांच्यासाठी राखीव असतो.

एकटी माणसं बहुधा आपल्याच वयाच्या भावंडाचं किंवा मित्राचं नाव लिहितात, आणि तोच आधी गेला तर ती देणगी सहसा निष्फळ ठरते. म्हणून प्रत्येक नावापुढे ‘ते हयात नसल्यास’ अशी सुरुवात करून दुसरं नाव लिहावं, आणि शेवटी ‘वर न नमूद केलेली सर्व मिळकत’ कुणाला, तेही. नंतर घेतलेली ठेव, विसरलेलं खातं, गावाकडच्या जमिनीतला हिस्सा अशा बारीकसारीक गोष्टी त्या ओळीतच बसतात.