गल्ल्याच्या त्या बाजूने

२००९ च्या हिवाळ्यात मी बर्मिंगहॅमला एम.एस्सी. करत होते आणि संध्याकाळी एका डिस्काउंट सुपरमार्केटच्या गल्ल्यावर बसत होते. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता यायचं. घरभाडं, बसचा पास आणि जेवण, सगळं त्या २० तासांत बसवायचं असे. त्या दुकानाचं नाव मी सांगणार नाही. तिथे जे शिकले, ते मात्र सांगावंसं वाटतं.

पहिल्या दिवशी मॅनेजरने दुधाचा कॅन माझ्या हातात दिला. मी बारकोड शोधायला तो फिरवू लागले, तर त्याने हात धरून थांबवलं. "शोधायचं नाही. नुसतं सरकवायचं." तेव्हा कुठे मी त्या कॅनकडे नीट पाहिलं. नेहमी कोपऱ्यात असते तशी इवलीशी चौकट नव्हतीच. काळ्या रेघांचा लांब पट्टा होता आणि तोही एकाहून जास्त बाजूंना छापलेला. वस्तू उलटी धरा, आडवी धरा, काचेवरून गेली की 'टीट' वाजणारच. बिस्किटाच्या पुड्यावर, पास्त्याच्या पिशवीवर, सगळीकडे तेच. आज मी साधी गिऱ्हाईक आहे, तरी घरी सामान लावताना माझा अंगठा त्या पट्ट्यावरून फिरतोच.

या पट्ट्यामागे मोठा इतिहास आहे. डिस्काउंटचा हा धंदा उभा केला जर्मनीतल्या एसेन शहराच्या कार्ल आणि थिओ आल्ब्रेख्त या भावांनी. आईचं छोटं दुकान त्यांनी १९४६ मध्ये हाती घेतलं. आल्ब्रेख्त आणि डिस्काउंट या दोन शब्दांची पहिली अक्षरं जोडून पुढे 'आल्डी' हे नाव झालं. १९६० च्या सुमारास दुकानात सिगारेटी विकाव्यात की नाही यावरून दोघांचं बिनसलं. सिगारेटींमुळे चोऱ्या वाढतील असं कार्लला वाटत होतं. शेवटी धंद्याच्या उत्तर आणि दक्षिण अशा वाटण्या झाल्या. ब्रिटनमधलं आल्डी हे कार्लच्या वाट्याचं. जर्मनीतल्या त्यांच्या दुकानांत विसावं शतक सरेपर्यंत स्कॅनर नव्हते. गल्ल्यावरच्या बायांना सगळे भाव तोंडपाठ असत आणि बोटं यंत्रापेक्षा भरभर चालत. त्या बोटांना गाठायचं तर स्कॅनरसाठी बारकोडही तसाच लांबरुंद हवा होता.

आल्डीचं ब्रिटनमधलं पहिलं दुकान एप्रिल १९९० मध्ये उघडलं, बर्मिंगहॅमच्याच स्टेचफर्ड भागात. तिथे जेमतेम ६०० च्या आसपास वस्तू होत्या. तसंच दुसरं डिस्काउंट सुपरमार्केट, लिडल, आलं १९९४ मध्ये. आजही या दुकानांत दोनेक हजार वस्तू असतात, तर बड्या सुपरमार्केटमध्ये वीस-तीस हजार. स्वस्ताईची मुख्य गोम इथे आहे. आमच्याकडे टोमॅटो केचप एकाच जातीचं असे. त्यामुळे त्या एकाची ऑर्डर प्रचंड, आणि पुरवठादाराशी भावाची घासाघीस करायला बळ मिळे. माल पुठ्ठ्याच्या खोक्यात येई. खोक्याची पुढची बाजू टर्रकन फाडायची आणि खोकं तसंच फळीवर सरकवायचं. एकेक बरणी मांडत बसायला कुणाला वेळ नसे. ट्रॉलीत एक पाउंडाचं नाणं अडकवावं लागे, म्हणजे गिऱ्हाईकच ट्रॉली जागेवर आणून लावी आणि ट्रॉल्या गोळा करणाऱ्या माणसाचा पगार वाचे.

ही सगळी काटकसर मला मनापासून आवडते. माझी आई मुंबई ग्राहक पंचायतीच्या संघात होती. १९७५ च्या पाडव्याला सुरू झालेली ती चळवळ. दहा-बारा घरांनी मिळून महिन्याचा माल मागवायचा आणि कुणाच्या तरी हॉलमध्ये सतरंजी टाकून तो वाटून घ्यायचा. दुकान नाही, सजावट नाही, जाहिरात नाही. मोजकाच माल, पण पारखून घेतलेला. बर्मिंगहॅमला पुठ्ठ्याची खोकी फाडताना मला ती सतरंजी आठवायची.

या दुकानांचा फायदा तिथे न जाणाऱ्यांनाही झाला. टेस्कोने २०२० मध्ये आणि सेन्सबरीने २०२१ मध्ये 'आल्डी प्राइस मॅच' सुरू केलं, म्हणजे बड्यांना भाव खाली आणावेच लागले. महागाईने पोळलेल्या २०२२ मध्ये आल्डी मॉरिसन्सला मागे टाकून देशातलं चौथ्या क्रमांकाचं सुपरमार्केट झालं. त्या वर्षी माझ्या ओळखीच्या किती घरांची चूल या दुकानांनी सांभाळली, ते मी पाहिलंय.

पण स्वस्ताईची दुसरी बाजूही मी तिथेच पाहिली. ती दुकानाच्या मधल्या ओळीपासून सुरू होते. दर गुरुवारी आणि रविवारी तिथे नवा माल लागे: ड्रिल, तंबू, स्कीइंगचे हातमोजे. एकदा संपला की पुन्हा येत नसे आणि ते सगळ्यांना ठाऊक असे. आमच्याकडे एक काकू यायच्या. पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं होतं, "अगं, पोहे कुठे ठेवलेत?" पोहे नव्हते, गव्हाचं आपल्यासारखं पीठही नव्हतं. ते आणायला त्यांना वेगळी बस धरून इंडियन ग्रोसरीत जावं लागे. इथून मात्र त्या दूध-बटाट्यांबरोबर दर वेळी मधल्या ओळीतलं काहीतरी घेऊन जात. पुढे एकदा त्यांच्याकडे जेवायला गेले, तर गॅरेजमध्ये न उघडलेली खोकी छातीपर्यंत रचलेली होती. "स्वस्त होतं गं," त्या म्हणाल्या आणि गप्प झाल्या.

पाउंड शॉपांची गत आणखी वेगळी. पाउंडलँडचं पहिलं दुकान बर्टन-अपॉन-ट्रेंटला १९९० मध्येच निघालं. जे घ्याल ते एक पाउंड. पण महागाई वाढली आणि भाव एकच ठेवायचा, तर मग पुडा बारीक होतो. म्हणून मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगते, फळीवरच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरांत किलोचा भाव असतो, तो आधी वाचा. मोठ्या आकड्याकडे नंतर बघा. पुढे पाउंडलँडलाही एका पाउंडात सगळं बसवणं जमेना. जून २०२५ मध्ये ती अख्खी साखळी नाममात्र एका पाउंडाला विकली गेली. विल्कोचं दुःख तर माझ्या मनातून जात नाही. लेस्टरला १९३० मध्ये सुरू झालेलं, खिळे-रंग-बादल्या विकणारं दुकान ऑगस्ट २०२३ मध्ये कोसळलं. ४०० दुकानं आणि साडेबारा हजार माणसांची नोकरी. ज्या गावांत हार्डवेअरची जुनी दुकानं आधीच मिटली होती, तिथे आता साध्या स्क्रूसाठीही दुसऱ्या गावाला जावं लागतं.

तरी माझ्यापुरती स्वस्ताईची खरी किंमत त्या गल्ल्यावरच कळली. मिनिटाला किती वस्तू सरकवल्या, याचा हिशोब यंत्र ठेवत असे आणि आठवड्याच्या शेवटी सगळ्यांचे आकडे मागच्या खोलीत भिंतीवर लागत. गल्ल्यापुढची फळी मुद्दाम आखूड असते. सामान तसंच ट्रॉलीत लोटायचं आणि खिडकीजवळच्या बाकावर जाऊन पिशव्यांत भरायचं, अशी रीत. एक आजी मंगळवारी येत. संधिवाताने बोटं वाकडी झालेली आणि ट्रॉली ढकलवत नाही म्हणून हातात कापडी पिशवी. मी भरभर सरकवलं की ब्रेड खाली आणि डबे वर असा ढीग होई. त्या कावऱ्याबावऱ्या होऊन म्हणत, "सॉरी, बॅब." बॅब म्हणजे बर्मिंगहॅमच्या बोलीत 'बाळा'. चूक त्यांची नव्हती. मी हात सावकाश केला, तर त्या आठवड्यात माझा आकडा सगळ्यांत खाली. सुपरवायझरने कागदावर बोट ठेवून तो मला दाखवला, आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

माझ्या शेजारच्या गल्ल्यावर एक पोलिश बाई होती, तिथे बरीच वर्षं मुरलेली. पुढच्या मंगळवारी आजींना रांगेत पाहिलं, तशी ती माझ्याकडे झुकली आणि माझ्या कीबोर्डवरच्या एका बटणाकडे तिने हनुवटीने खूण केली. गल्ला लॉक केला की वेळेची मोजणी थांबते, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. मी दोन वस्तू सरकवल्या आणि बटण दाबलं. आजींनी त्या पिशवीत ठेवल्या. पुन्हा कोड घातला, दोन वस्तू, पुन्हा बटण. मागच्या रांगेतलं कुणी एक अक्षर बोललं नाही. बटाटे खाली, डबे बाजूला, त्यांवर ब्रेड. सगळ्यांत वर त्यांनी अंड्यांचं खोकं ठेवलं, हलकेच दाबून पाहिलं आणि पैशांसाठी पाकीट उघडलं.