बायोडाटाची वीण

मंडळी, आमच्या सोलापुरात चादरीवरचं फूल आधी चौकटीच्या कागदावर उमलायचं. त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडत. जकार्डाचा माग ती भोकं तेवढी वाचे. भोक असलं की उभा धागा वर, नसलं की खाली. कागदावरचं फूल देखणं आहे की नाही, याच्याशी मागाला कर्तव्य नसे.

यंत्रमागावर राबणाऱ्यांची मुलं आता डिझायनर व्हायला पुण्याकडे बघतात. त्यांचा बायोडाटाही पुष्कळदा आधी संगणकच चाळतो. नाव, अनुभव चित्रात गुंफले, तर ते त्याला वाचता येतीलच असं नाही. दोन रकान्यांच्या ओळी एकमेकींत घुसतात. मजकूर उचलून साध्या पानावर चिकटवून पाहा, लगेच कळेल. तेव्हा एक सरळ बायोडाटा यंत्रासाठी ठेवावा.

दुसरा माणसाच्या डोळ्यांसाठी. एखादा रंग, फार तर दोन वळणांची अक्षरं, भरपूर मोकळी जागा. (ओळीपुढची जागा वाया जात नाही, हे कवीला विचारा!) कौशल्यापुढं पाचांतले साडेतीन तारे रंगवणं मला हास्यास्पद वाटतं. त्यापेक्षा रेखाटन, शेजारी विणून आलेला नमुना आणि त्यात आपला वाटा किती, ते सांगावं.

लिओनार्दो द विंचीनं १४८२च्या सुमारास मिलानच्या लुडोविको स्फोर्झासाठी नोकरीच्या अर्जाचा मसुदा केला. त्यात पूल आणि तोफा आधी, चित्रकला अगदी शेवटी. समोरच्याला लढाईची चिंता होती, हे त्यानं ओळखलं होतं.

आणि हो, पाठवण्याआधी एक प्रत काळ्या-पांढऱ्या छपाईत काढा. फिकट पिवळी अक्षरं तिथं गायब होतात.