टाकी भरली की गाडी थकते!

माझा पेशा पिकांचा, गाड्यांचा नव्हे. आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे आहेत की भुरी, हे मी झाडाखाली उभा राहून सांगेन. पण गाडीचे बॉनेट उघडले की इतर चारचौघांसारखाच आत डोकावून मान हलवणारा मी. तरीही गेल्या हंगामात आमच्या जुन्या डिझेल जीपने मला जो धडा दिला, तो तुमच्यापुढे ठेवतो. जीप नसली तरी पुष्कळांच्या घरी ट्रॅक्टर, पॉवर टिलर, निदान डिझेलचा पंप तरी असतोच.

आमचे घर पालीला. मुंबई-गोवा महामार्गावरून कोल्हापूरचा रस्ता इथून फुटतो. नाणीज, दाभोळे, साखरपा ओलांडले की पुढे आंबा घाट. एप्रिल महिन्यात शेजारच्या काकांच्या हापूसच्या वीस पेट्या घेऊन आम्ही पहाटे तीनला निघालो. साखरप्यापर्यंत गाडी झकास. घाटाला लागलो आणि दोन वळणे होतात न होतात तोच गाडीचा जोर गेला. पाय तळाला टेकवला तरी गाडी सरकेना. दुसरा गिअर, मग पहिला, शेवटी इंजिन बंद. काका उतरून चाकाला दगड लावीत बसले. वीस मिनिटांनी सहज किल्ली फिरवली, तर काही झालेच नाही अशा थाटात गाडी सुरू झाली! वर आणखी एकदा थांबावे लागले. बाजारात पोहोचलो तेव्हा सौदे उरकत आले होते आणि उरलेल्या व्यापाऱ्यांनी म्हणेल त्या भावात माल घेतला. काका काही बोलले नाहीत. परतीच्या वाटेवरही फारसे बोलले नाहीत. मला ते जास्त लागले.

मेकॅनिकने डिझेलचा फिल्टर बदलला. दहा-बारा दिवस गाडी उत्तम चालली. पुढच्या खेपेला घाटात पुन्हा तेच. मग तो म्हणाला, "साहेब, पंप थकलाय. घाटात भार आला की दम सोडतो. उतरवून पुरा करावा लागेल." खर्च सांगितला अठ्ठावीस हजार. आमच्या घरात त्या महिन्यात मुलीच्या फीचा विषय चालू होता. मी म्हटले, चार दिवस थांब.

डिझेल इंजिनाचे काम आधी थोडक्यात सांगतो. १८९७ साली रुडॉल्फ डिझेल यांनी ते चालवून दाखवले, तेव्हापासून तत्त्व एकच. आत ठिणगी नसते. हवा सुमारे वीस पट दाबली की ती ५०० अंशांच्या वर तापते आणि त्या तप्त हवेत डिझेलचा फवारा सोडला की ते आपोआप पेटते. म्हणजे जोर कमी झाला तर बहुधा दोनच प्रश्न विचारायचे: हवा कमी पडते की डिझेल? याचे उत्तर पुष्कळदा धूर देतो. हवा कमी, डिझेल जास्त, तर धूर काळा. एअर फिल्टर धुळीने बुजला की हे होते. निळसर धूर म्हणजे इंजिनचे ऑइल जळते आहे. पांढरा म्हणजे डिझेल न जळता बाहेर पडते आहे किंवा पाणी आत गेले आहे. आणि जोर नाही, धूरही नाही, तर इंजिन उपाशी आहे. आमच्या जीपला घाटात धूर नव्हता.

उपाशी का, हा खरा प्रश्न. पंप खराब असेल तर तो वीस मिनिटांच्या विश्रांतीने बरा कसा होईल? हे मला खटकत होते.

आमच्या सौ.ना घरखर्चाची वही ठेवण्याची सवय आहे. किराणा, दूध, डिझेल, सगळे तारीखवार. त्यांनी वही चाळून म्हटले, "अहो, गाडी अडली ते तिन्ही दिवस टाकी फुल्ल केल्याचे आहेत. एरवी आपण पाचशे-हजाराचेच टाकतो."

मी लगेच निष्कर्ष काढला: भेसळ! पंपवाल्याला चार शब्द सुनावूनही आलो. पुढच्या वेळी रत्नागिरीहून दुसऱ्या पंपावर टाकी भरली. गाडी घाटात थांबली. पंपवाल्याकडे जाऊन मी चूक कबूल केली, हे इथे नोंदवतो.

उलगडा झाला तो स्वयंपाकघरात. गोडेतेलाचा पंधरा किलोचा डबा फोडताना सौ.नी नेहमीप्रमाणे दोन भोके पाडली, एक तेलाला आणि एक समोरच्या कोपऱ्याला. मी विचारले, दुसरे कशाला? त्या हसून म्हणाल्या, "एवढे शिकलात ना? हवा आत गेल्याशिवाय तेल बाहेर येईल कसे?"

गाडीच्या टाकीलाही असे दुसरे भोक असते. ते बुजले की डिझेल जाते, पण त्याची जागा घ्यायला हवा येत नाही. आत ओढ तयार होते आणि शेवटी पंपाला डिझेल खेचवत नाही. आता गंमत पाहा. टाकी भरलेली असेल तर वर हवा जेमतेम पाच-सात लिटर. तीन लिटर डिझेल जळले की तेवढ्याच हवेला दहा लिटरची जागा व्यापावी लागते, म्हणजे आतला दाब तीस टक्क्यांनी उतरला. टाकी अर्धी असेल तर हवा भरपूर, तीन लिटरने फारसे बिघडत नाही. म्हणून भरल्या टाकीचीच गाडी थकत होती! थांबल्यावर फटींतून हवा हळूहळू आत झिरपे आणि गाडी पुन्हा शहाणी होई.

पण तर्क म्हणजे पुरावा नव्हे. खताची परीक्षा करताना आपण एक वाफा बिनखताचा ठेवतो आणि एका वेळी एकच गोष्ट बदलतो. इथे घाट आणि भरली टाकी या दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या. त्या सुट्या केल्या. एके दिवशी अर्ध्या टाकीवर, मागे दगडमातीच्या गोण्या टाकून आंबा घाट चढलो. एकदाही कुरकुर नाही. दुसऱ्या दिवशी टाकी काठोकाठ भरून, रिकामी गाडी राजापूरच्या बाजूला नेली. तिकडे घाटासारखा चढ नाही. तरी लांजा सोडून ओणीच्या अलीकडे जोर गेला. रस्त्याच्या कडेला थांबून टाकीचे झाकण सैल केले, तर 'सूंऽऽ' करून हवा आत ओढली गेली आणि लगेच किल्ली मारताच इंजिन गुरगुरले. अठ्ठावीस हजार वाचले ते या आवाजाने.

मेकॅनिकने गाडीखाली शिरून टाकीची हवेची नळी काढली. तोंडाशी चिखलाची सुबक गोळी बसली होती. फोडली तर आत निपचित पडलेल्या हिरव्या अळ्या. कुंभारीण माशीचे घर! अळ्या वेचून पिल्लांसाठी साठवणारी ही माशी आपली मित्र आहे, असे मीच शेतीशाळेत सांगत आलो आहे. आणि हे आपल्याकडेच घडते असे नाही. २०११ साली मझदा कंपनीने अमेरिकेत पन्नास हजारांहून अधिक मोटारी तपासणीला परत बोलावल्या होत्या, टाकीच्या हवेच्या नळीत कोळी जाळे करीत होते म्हणून.

नळी साफ करून तोंडाला पितळी जाळीचा तुकडा बसवला. त्यानंतर काकांच्या पेट्या दोनदा वेळेवर पोहोचल्या.

तुमच्या गाडीचे कारण निराळेही असू शकेल. आपल्या कोकणच्या दमट हवेत टाकीत पाणी धरते. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत थोडे डिझेल घ्या, पाणी तळाशी बसलेले दिसेल. नळीच्या जोडातून हवा शिरत असेल तर फिल्टरपुढे पारदर्शक नळीचा तुकडा लावा, बुडबुडे दिसतात. आणि दोष टाकीकडे की पंपाकडे हे ठरत नसेल, तर मेकॅनिककडून डिझेलचा डबा उंचावर ठेवून थेट पंपाला जोडून घ्या. त्यावर इंजिन नीट चालले तर पंपाला हात लावू देऊ नका. नव्या संगणकवाल्या गाड्यांत मात्र वायर घासणे, उंदराने कुरतडणे, टर्बोचा रबरी पाइप फाटणे हेही होते आणि बिघाड जाणवला की गाडी स्वतःच जोर कमी करते. तिथे तपासणी यंत्र लावलेलेच बरे. या गाड्यांत डिझेलचा दाब टायरातल्या हवेच्या निदान पाचशे पट असतो. चालू इंजिनात गळती बोटाने चाचपू नका, फवारा कातडीत शिरतो.

हे सारे मी काकांना सांगत होतो, तेव्हा ते एकदम उठले आणि मला विहिरीवर घेऊन गेले. त्यांचा डिझेल पंप महिनाभर तासाभराने बंद पडत होता. टाकीचे झाकण हरवले होते आणि त्यावर प्लास्टिकची पिशवी सुतळीने घट्ट आवळून बांधलेली होती.