लिपी : उघडणारी आणि झाकणारी

इ. स. ८८५ मध्ये मेथोडियसच्या मृत्यूनंतर मोराव्हियातून त्याच्या शिष्यांची हकालपट्टी झाली. त्यांपैकी क्लेमेंट व नाऊम यांना बल्गेरियाच्या बोरिस राजाने आश्रय दिला. ओह्रिडच्या परिसरात क्लेमेंटने साडेतीन हजार शिष्य घडवले, असे त्याचे ग्रीक चरित्र सांगते. संतचरित्रांतील आकडे जपूनच घ्यावेत. तरी अध्यापनाच्या व्याप्तीविषयी शंका उरत नाही. मेथोडियसचा बंधू सिरिल याने स्लाव्ह भाषेसाठी ग्लागोलिती लिपी सिद्ध केली होती. हिब्रू, ग्रीक व लॅटिन या तीनच भाषा उपासनेस योग्य, असे म्हणणाऱ्यांशी त्याला वादही करावा लागला होता.

तेराव्या शतकातील महानुभावांशी या संतांचे साम्य दाखवता येते. परंतु ही तुलना बहुधा लोकभाषेच्या पुरस्काराशीच थांबते. मराठीला अक्षरांची वाण नव्हती. म्हैसूरच्या उत्तरेस, श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या पायाशी, कन्नड व तमिळ लेखांच्या जोडीने मराठी लेख बाराव्या शतकापर्यंत नागरीत कोरले गेले होते. वाण होती ती धर्मग्रंथाच्या भाषेला लागणाऱ्या प्रतिष्ठेची. म्हणूनच नागदेवाचार्यांनी नवी लिपी दिली नाही, संस्कृत नाकारले. केशोबास संस्कृतात रचना करू लागले, तेव्हा अशाने साध्या म्हाताऱ्या वंचित होतील असे सांगून त्यांनी त्यांना थांबवले, ही आठवण ‘स्मृतिस्थळा’त आहे. म्हाइंभटाचे ‘लीळाचरित्र’ (इ. स. १२७८च्या सुमारास) याच मराठीत सिद्ध झाले.

पुढे मात्र वाट उलटी वळली. चौदाव्या शतकापासून पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी आदी सांकेतिक लिप्यांत बंद केले. सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरे चिन्ह येते. किल्ली ठाऊक नसलेल्याला पोथी मुकी. स्लाव्हांकडे लिपी निर्माण झाली ती ग्रंथ लोकांत नेण्यासाठी. येथे ती घडवली गेली ग्रंथ परक्यांपासून राखण्यासाठी. यात केवळ संकुचितपणा पाहणे अन्यायाचे होईल. क्लेमेंटच्या पाठीशी राजा होता, महानुभावांच्या पाठीशी कोणीही नव्हते. पोथ्यांचे पाठ टिकले, याचे श्रेय काही अंशी या बंदिस्तपणालाच द्यावे लागते.

त्याची किंमतही मोठी होती. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा करेपर्यंत मराठीचे आद्य गद्य पंथाबाहेरील मराठी वाचकाला अपरिचितच राहिले.